बर्फाचा निरोप

दुबईच्या करामा वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात नोव्हेंबर लागला की खिडकीतला एसी बंद व्हायचा आणि आई बर्फाची वाट बघायला लागायची. एसी बंद झाला की घर अनोळखी वाटायचं. वर्षभर त्या घरघरीखाली दबलेले आवाज एकदम वर यायचे. खालच्या हॉटेलात तापल्या तव्यावर पाणी मारल्याचं चर्र, समोरच्या दुकानाचं शटर, शेजारच्या घरातलं हार्मोनियम, आणि कोपऱ्यावरच्या मशिदीतली बांग, जी एरवी काचेपलीकडून आल्यासारखी वाटायची. आई म्हणायची, आत्ता कुठे माणसांत राहतोय असं वाटतं. मी तिला इंग्रजीत उत्तर द्यायचे. त्या वयात मी घरात सगळ्यांना इंग्रजीतच उत्तरं द्यायचे, आणि आई-बाबा मराठीत बोलत राहायचे. दोन्ही बाजूंना त्याची इतकी सवय झाली होती की पाहुणे आले की तेच गोंधळायचे.

बर्फाची वाट बघणं हे आईचं कामच होतं. बर दुबईत, कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत, जिन्याने वर गेलं की एक छोटं ट्रॅव्हल ऑफिस लागायचं. मालक मॅथ्यूअंकल, दोन टेबलं, एक फॅक्स, आणि भिंतीवर पांढऱ्या डोंगराचं एवढं मोठं पोस्टर की उन्हातून आलेलं माणूस आधी त्याच्याकडेच बघायचं. लेबनॉनमधलं युद्ध संपून काही वर्षं झाली होती. तिथल्या डोंगरावरची हॉटेलं, बर्फावर घसरायचे उतार पुन्हा सुरू झाले होते, आणि विमानाने ते चार तासांवर होतं. वाळूत राहणाऱ्या माणसांना बर्फाचं वेड किती असतं ते मॅथ्यूअंकलना बरोबर कळलं होतं. चौदा-पंधरा जणांचा ग्रुप न्यायचा, दोघे-चौघे स्की शिकायचे, बाकीचे घसरगाडीवर बसून फोटो काढायचे आणि चार दिवसांनी लाल नाकांनी परत यायचे. त्या डोंगरावरचं हॉटेल जॉर्जेट नावाच्या बाई चालवायच्या. त्या रोज सकाळी हाताने लिहिलेला एक फॅक्स पाठवायच्या: काल किती पडला, आज किती पडेल, रस्ता उघडा की बंद. संध्याकाळी जेवताना आई ते आम्हाला सांगायची, इतर घरांत भाजीचे भाव सांगतात तसं. आज नुसते शिंतोडे, आज घोट्याइतका, आज काहीच नाही.

आईने स्वतः बर्फ कधी पाहिला नव्हता. ती मालवणची, समुद्राकाठची. तिला बर्फाची भीती वाटायची, आणि ही गोष्ट ऑफिसात कुणाला माहीत नव्हती. ती म्हणायची, समुद्र खवळला तर आधी ऐकू येतो, माणूस सावध होतो. हे तर आवाजच करत नाही. मॅथ्यूअंकल दरवर्षी तिला ग्रुपबरोबर जा म्हणायचे आणि ती दरवर्षी माझ्या अभ्यासाचं कारण सांगायची. मग बाबा जायचे. बाबा खरं तर एसीचे डक्ट बनवणाऱ्या कंपनीत स्टोअर सांभाळायचे, पण त्यांचं अरबी उत्तम होतं आणि हाताला चव होती. आपल्या लोकांना बर्फ हवा असतो, पण बर्फात बसून खायला वरणभातच हवा असतो. त्यामुळे बाबा रजा टाकून, एका बॅगेत कुकर आणि डाळ-तांदूळ, दुसरीत लोकरी टोप्या घेऊन निघायचे. आदल्या दिवशी आई शंकरपाळे तळायची, मेतकूट आणि तिळाची चटणी डब्यांत भरायची, आणि प्रत्येक डब्यावर कागद चिकटवून नाव लिहायची. सगळ्या घराला तुपाचा वास यायचा. मला तो वास अजूनही फारसा सोसत नाही. दिवाळीत मी शंकरपाळे विकत आणते, आणि मुलगी विचारते तेव्हा गुडघे दुखतात म्हणून सांगते.

मी चौदा वर्षांची होते त्या वर्षी बर्फ लवकर येणार अशी बातमी आली. एरवी डिसेंबरच्या अर्ध्यापर्यंत वाट बघावी लागायची. त्या वर्षी नोव्हेंबरच्या शेवटालाच जॉर्जेटबाईंनी कळवलं की शनिवारी मोठा बर्फ पडणार, गेल्या कित्येक वर्षांत इतक्या लवकर इतका पडला नव्हता, आणि उतार तीन आठवडे आधी उघडतील. मॅथ्यूअंकलचा आनंद गगनात मावेना. दोन डिसेंबरची, तिथल्या नॅशनल डेची सुट्टी जोडून येत होती. त्यांनी दोन ग्रुप ठरवले. पहिला बुधवारी दुबईहून निघणार, गुरुवारी सकाळी बैरूतहून बसने वर जाणार, म्हणजे शनिवारी बर्फ पडायला लागेल तेव्हा सगळे हॉटेलच्या काचेआड ऊबेत बसून बघतील. दुसरा ग्रुप शाळेच्या सुट्टीत, आणि त्यात मी. बाबांनी तसं कबूल केलं होतं, पहिला ग्रुप नीट पार पडला तर. मी वर्गात सगळ्यांना सांगून टाकलं होतं. कुणाचं तरी जांभळं जॅकेट मागून आणून कपाटात टांगलं होतं आणि शाळेतून आले की ते घालून आरशासमोर उभी राहायचे, घाम येईपर्यंत.

आईला ते लवकर येणं आवडलं नव्हतं. ती बोलायची नाही, पण त्या आठवड्यात ती दोनदा भाजी करपवून बसली. एकदा बाबांना म्हणाली, अजून त्यांचे रस्ते साफ करणारे बुलडोझर तरी बाहेर काढले असतील का? बाबा म्हणाले, आपण शनिवारच्या आधी वर पोचतोय, आणि जॉर्जेटबाई आहेत ना, काही असेल तर त्या कळवतील.

त्यांनी कळवलं. सोमवारी दुपारी मी शाळेतून आले, मोजे काढत होते, आणि फोन वाजला. जॉर्जेटबाई. ऑफिसचा फोन सारखा एंगेज येत होता आणि फॅक्स जात नव्हता, म्हणून त्यांनी घरी केला होता. आवाजात खरखर होती. त्या सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलल्या. बर्फ शनिवारी नाही, गुरुवारी येतोय, दुपारच्या आत. फार मोठा. ग्रुपने बैरूतमध्येच थांबायचं, मी सांगेपर्यंत वर यायचं नाही. आईला सांगशील ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा हो म्हणाले.

फोनशेजारी पॅड होतं, पेन्सिल होती. मी काहीच लिहिलं नाही. मी विसरले असं पुढे काही वर्षं स्वतःला सांगून पाहिलं, पण ते खरं नाही. मी तिथे उभी राहून नीट विचार केला. आईला सांगितलं तर ती ग्रुपच रद्द करायला लावेल. तिला तेवढंच निमित्त हवं होतं. पहिला ग्रुप रद्द म्हणजे दुसराही नाही. बाई परत फोन करतीलच, ऑफिसात करतील, तेव्हा आईला कळेल आणि ते माझ्याकडून गेलेलं नसेल. असा सगळा हिशेब मी एका पायात मोजा ठेवून केला. बाईंनी परत फोन का करावा, त्यांचा निरोप तर पोचला होता, हे मला सुचलं नाही.

बुधवारी दुपारी बाबा निघाले. खाली टॅक्सी थांबली होती. दारात बॅगा ठेवून बाबांनी आईला विचारलं, "जॉर्जेटबाईंचं काही आलं?" आई म्हणाली, "फॅक्स सोमवारपासून बिघडलाय. पण काही असतं तर फोन केला असता त्यांनी." मी दोन हातांवर होते. मी शाळेतून येऊन बुटाची लेस सोडत होते, आणि सुटलेली लेस पुन्हा बांधली. बाबांनी माझ्या डोक्यावर टपली मारली, म्हणाले तुझ्यासाठी मऊ बर्फ राखून ठेवतो, आणि जिना उतरले. टॅक्सीचं दार लागल्याचा आवाज आला.

गुरुवारी तीन वाजता हॉटेलवर पोचल्याचा बाबांचा फोन यायचा, तो आला नाही. चार वाजता आईने तिकडे लावला. नुसता लांबलचक एकसुरी आवाज येत राहिला. पाचला तोच. आईने वरणाचं पातेलं गॅसवर ठेवलं आणि गॅस पेटवायचा राहिला हे बऱ्याच वेळाने लक्षात आलं. मला भूक नव्हती, पण तिने वाढलेलं सगळं मी खाल्लं, कारण न खाल्लं असतं तर तिने का म्हणून विचारलं असतं. शुक्रवारी सकाळच्या बातम्यांत लेबनॉनचे डोंगर दाखवले. चार-पाच सेकंदांचंच चित्र होतं. रस्ता नव्हताच. जिथे रस्ता असावा तिथे पांढरी भिंत होती आणि तिच्यातून एका ट्रकचा टप दिसत होता. बातमीदार म्हणाला, अंदाजापेक्षा दोन दिवस आधी आलेल्या बर्फाने डोंगरातल्या गावांचा संपर्क तुटला आहे. आईने टीव्ही बंद केला, किल्ल्या घेतल्या आणि मला म्हणाली, चल.

शुक्रवार म्हणजे सुट्टी. बर दुबईच्या गल्ल्यांत दुकानांची शटरं खाली होती, देवळाकडे जाणारी दोन-चार माणसं तेवढी हातात फुलं घेऊन चालली होती. ऑफिस उघडून आईने पहिला फोन बैरूतच्या हॉटेलला लावला. ग्रुप गुरुवारी सकाळी आठ वाजता निघाला, इतकंच त्यांना माहीत होतं. मग मॅथ्यूअंकल आले. ते सरळ चर्चमधून आले होते, पांढरा कडक शर्ट, हातात अजून बायबल. तिकडे शुक्रवारीच प्रार्थना असायची. महिनाभर ते गमतीने म्हणत होते की मी देवाकडे बर्फ मागतोय. त्या दिवशी त्यांनी पोस्टरकडे पाठ करून खुर्ची ठेवली. फोन मात्र वाजायला लागला. ग्रुपमधल्या लोकांच्या घरच्यांनी तीच बातमी पाहिली होती. आई प्रत्येकाला तेच सांगत होती, बसचा ड्रायव्हर अबू तोनी त्याच डोंगरातला आहे, वीस वर्षं तो रस्ता चालवतोय. तिचा आवाज स्थिर होता. फक्त ती प्रत्येक फोननंतर रिसीव्हर पदराने पुसून ठेवत होती.

दुपारी शारजाहून वृंदाताईचा फोन आला. तिचे आई-वडील साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आले होते, दोघंही सत्तरीचे, आणि बर्फ बघायचा म्हणून तिनेच हट्टाने त्यांना पाठवलं होतं. आई दुसऱ्या फोनवर होती, म्हणून मी घेतला. माझा आवाज ओळखून वृंदाताई म्हणाली, "मंजू, तुझे बाबा आहेत ना गं त्यांच्याबरोबर? मग मी घाबरत नाही." मी फोन टेबलावर तसाच ठेवला आणि आईकडे बघत राहिले. तिने तो उचलला, वृंदाताईशी बोलली, ठेवला आणि मला विचारलं काय झालं.

मी इंग्रजीत सुरुवात केली. मंडे, फोन, आय थॉट, आय डिडन्ट थिंक, असं काहीतरी. वाक्यं भराभर येत होती, शाळेत उशीर झाल्यावर टीचरला सांगतात तशी. आईने हात वर केला.

"मराठीत सांग."

इंग्रजीत मला पुष्कळ शब्द येत होते आणि त्यांच्यामागे उभं राहता येत होतं. मराठीत माझ्याजवळ फक्त घरातले साधे शब्द होते. मी म्हणाले, "सोमवारी जॉर्जेट आंटींचा फोन आला होता. बर्फ गुरुवारी येणार, वर येऊ नका म्हणाल्या. मी तुला सांगितलं नाही."

आईने मला मारलं नाही. मारलं असतं तर मी निदान रडले असते. तिने विचारलं, किती वाजता आला होता. मी सांगितलं. अजून काय म्हणाल्या. तेही सांगितलं. मग तिने विचारलं, का नाही सांगितलंस, आणि मी कपाटातल्या जॅकेटबद्दल सांगितलं. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली खाडीवरून लोक अब्राच्या होड्यांतून येत होते, सुट्टीचे कपडे घालून, आणि होडीच्या इंजिनांचा टकटक आवाज येत होता. परत आली तेव्हा तिने फोन माझ्यापुढे सरकवला.

"आता येईल तो प्रत्येक फोन तू घ्यायचास. जे माहीत आहे ते सांगायचं. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणायचं."

त्या दुपारी आणि शनिवारी सकाळी मी किती फोन घेतले ते आठवत नाही. माणसं रडली, एक जण ओरडला, एका आजोबांनी मला हिंदीत धीर दिला. वृंदाताई दर तासाला करायची. प्रत्येक वेळी मी म्हणायचे, अजून काही कळलं नाही, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं की पुढच्या फोनवर कुणीतरी मला सांगणार आहे की सगळे गेले. फोन वाजला की उचलावाच लागायचा. भीती म्हणजे काय हे मी त्या टेबलाशी शिकले. पुढे आयुष्यात ऑपरेशनं झाली, माणसं गेली, पण त्या रिंगसारखी भीती पुन्हा वाटली नाही.

शनिवारी साडेअकराला फोन वाजला आणि पलीकडे बाबा होते. आवाज बसलेला. ते म्हणाले, "मंजू, आईला दे." आईने रिसीव्हर कानाला लावला, पॅड ओढलं आणि एकेक नाव लिहायला लागली. मी बघत होते. प्रत्येक नावापुढे ती बरोबरची खूण करत होती. वृंदाताईचे आई-वडील आठवे आणि नववे होते. चौदा खुणा झाल्या. मग तिने पंधरावं नाव लिहिलं, अबू तोनी, आणि पेन थांबलं.

काय घडलं ते बाबा परत आल्यावर कळलं. बैरूतहून निघतानाच अबू तोनीला आभाळ आवडलं नव्हतं. त्याने बाबांना विचारलं होतं, जॉर्जेटने काही कळवलंय का. बाबा म्हणाले होते, नाही, काही असतं तर ती बोलली असती. म्हणून त्याने बस काढली. गावाच्या खाली दोन-तीन वळणं राहिली असताना समोरचं दिसेनासं झालं आणि बस एका बाजूला रुतून बसली. ती रात्र त्यांनी बसमध्ये काढली, सगळ्यांनी एकमेकांना चिकटून, सगळ्या टोप्या, सगळे टॉवेल अंगावर घेऊन. कोरडं मेतकूट आणि शंकरपाळे पुरवून पुरवून खाल्ले. वृंदाताईच्या वडिलांना बोलता येईना तेव्हा बाबा त्यांचे हात आपल्या काखेत धरून बसले. उजाडल्यावर अबू तोनी मदत आणायला चालत वर गेला, कमरेइतक्या बर्फातून, शहरातल्या पातळ बुटांनी, कारण बर्फ शनिवारी आहे असंच त्यालाही वाटत होतं. त्याने माणसं आणली, बुलडोझर आणला. सगळ्यांना गावातल्या शाळेत नेऊन शेगडीपाशी बसवलं. फोनच्या तारा शनिवारी जोडल्या गेल्या. त्याच्या डाव्या पायाची तीन बोटं कापावी लागली. डावा पाय क्लचचा. बस त्याला पुन्हा चालवता आली नाही. जॉर्जेटबाईंनी त्याला हॉटेलच्या काउंटरवर बसवलं.

हे सांगून झालं तेव्हा बाबा जेवायच्या टेबलाशी बसले होते, गालांची सालं निघालेली. आईने त्यांना काही सांगितलं नव्हतं. ती आमटी वाढून स्वयंपाकघरात गेली आणि परत आली नाही. मला कळलं ते माझं काम आहे. मी सांगितलं, मराठीत. बाबांनी घास खाली ठेवला. मग म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? माझं काही गेलं नाही. ज्याचं गेलं त्याला सांग."

अबू तोनीला इंग्रजी येत नव्हतं. आम्हाला शाळेत अरबी होतं, पण ते धडे वाचण्यापुरतं. मी चार ओळी लिहिल्या आणि अरबीच्या बाईंकडे घेऊन गेले. त्यांना आम्ही अब्ला म्हणायचो, त्या इजिप्तच्या होत्या आणि वहीत चूक दिसली की पान फाटेपर्यंत लाल पेनाने खोडायच्या. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, एक शब्द दुरुस्त केला, दोन ओळींचा क्रम बदलला आणि वही माझ्या हातात दिली. काही विचारलं नाही. आता त्यांच्या वयाची झाल्यावर वाटतं, तेव्हा त्यांनी न विचारणं ही किती मोठी मदत होती.

शुक्रवारी सकाळी बाबांनी हॉटेलचा नंबर लावला आणि मी वाचलं. आईने कागद दुसऱ्या बाजूने धरला. माझं नाव, मी कुणाची मुलगी, फोन मी घेतला होता, मी सांगितलं नाही. माझं वाचून झालं. तिकडे लांब कुठेतरी बश्यांचा आवाज येत होता. मग अबू तोनींनी विचारलं, वय किती तुझं. मी म्हणाले, चौदा.

ते सावकाश बोलले, मला समजेल असं. म्हणाले, "मग अजून पुष्कळ फोन येतील तुला."

इतकंच. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत आणि मी विचारलं नाही. त्यांनी बाबांना फोन द्यायला सांगितलं. मी रिसीव्हर बाबांकडे दिला आणि तिथेच उभी राहिले. बाबा ऐकत होते, मधूनमधून हो म्हणत होते. बर्फ वितळायला लागलाय, असं पलीकडून ते सांगत होते, आणि रस्ता खालपर्यंत उघडलाय.